प्रभाग सात, फहाहील

आम्ही मागितली होती होडी.
आयोगाने दिली इस्त्री.
वेळवाडीच्या धक्क्यावर दोन दिवस हसत होते लोक,
खलाशांचा पक्ष आणि निशाणी काय, तर इस्त्री.
मग कुणाला तरी आठवलं
की आपला एक माणूस कुवेतमध्ये खरोखरच इस्त्री करतो,
आणि पक्षाची आखाती शाखा
माझ्या दुकानात आली.

दुकान माझं नव्हे, अबू नासरचं.
मी फक्त बावीस वर्षं त्यात उभा आहे.

शुक्रवारी जुम्म्यानंतर शटर अर्धं ओढलं.
बाहेर डांबर मऊ पडलेलं.
आत एकोणीस मतदार, त्यातच तीन इच्छुक.
कुणी रिफायनरीतला, कुणी मासळीबाजारातला,
एकजण दोन घरांचा ड्रायव्हर, सारखं घड्याळ बघणारा.
हँगरवर पांढऱ्या दिशदाशा,
त्याही निवडणुकीच्याच:
इथल्यांच्या जमियाचं मतदान पुढच्या आठवड्यात,
कांजी कडक हवी, कॉलर उभी हवी.
त्यांच्या मधे आमची माणसं अशी दाटलेली
की कपडा कुठला नि कार्यकर्ता कुठला, कळेना.

मुबीन हमदुले आधी बोलला.
क्रेनवर बसून बसून
त्याला सगळ्यांशी वरूनच बोलायची सवय.
बर्फाचा कारखाना त्याने दोन्ही हातांनी उचलला
आणि माझ्या टेबलावर अलगद ठेवला.
नंदू डोर्लेकरकडे गटारांची मापं होती, फूट-इंचांत,
गेल्या सुट्टीत स्वतः टेप धरून घेतलेली.
बायको म्हणत होती, सासुरवाडीला चला;
हा गटारात.
यशवंत चोगले एवढंच म्हणाला,
मला परत जायचंय रे. काहीतरी निमित्त द्या.
टाळ्या पडल्या नाहीत.
एसीची घरघर तेवढी ऐकू यायला लागली.

निडोचा डबा, झाकणाला चीर.
चिठ्ठ्या माझ्या पावतीपुस्तकाच्या,
पुढे अरबीत शर्ट, पँट, ब्लँकेट,
मागे कोरं.
शेवटची चिठ्ठी आत पडली आणि तहसिलातून फोन आला.
सोडत निघाली.
प्रभाग सात, महिला राखीव.

मुबीन मोठ्यांदा हसला, मग नुसता दात दाखवत राहिला.
नंदूने तिथल्या तिथे घरी फोन लावला, स्पीकरवर:
ऐक, तुला उभं राहायचंय.
ती म्हणाली, कालवण करपतंय,
आणि आमचं ठरतंय इथे धक्क्यावर.
नाव रात्री कळवू तुम्हाला.
कुणी खोकलं.
यशवंतने जाऊन शटर वर केलं,
ऊन सरळ आत आलं, विचारल्याशिवाय.

डबा मोजला नाही कुणी.
कांजीच्या पिशव्यांशेजारी तीन दिवस पडून होता.
सोमवारी रात्री मीच उघडला.
मुबीन सात, यशवंत सहा, नंदू पाच.
मोजून पुन्हा मोजलं.
राहिलेल्या एकीवर लिहिलं होतं
धाकू परीट.

अक्षर माझं नव्हतं. माझं मत यशवंतला.
वेळवाडीत मी मागच्या दाराने गाठोडं नेलेल्या घरातला,
मतदारयादीतून दोन वर्षांपूर्वी कापलेला,
शेरा: स्थलांतरित.
एकोणीसजणांची तोंडं आठवून बघितली,
कुणाच्याच चेहऱ्यावर ते नाव बसेना.

चिठ्ठी चुरगळून, चौपदरी करून टाकलेली.
इस्त्री अजून गरम होती.
आच रेशमावर आणली
आणि नावावरून एकदाच फिरवली.
शाई थोडी पसरली.
वाचता येतं.